सारख्या दोन उतरंडी

नागपूर
१७ एप्रिल १९६९

मनूताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, आणि आईला सांग की तिची धाकटी लेक अजून आहे म्हणावं.

रविवारी भूकंप झाला म्हणे. 'म्हणे' असं लिहावं लागतं, कारण आमच्या टेकडीवरच्या कॉलनीत कोणाला काही कळलंच नाही. मी यांना गरम पोळी वाढत होते, तेवढ्यात तो येऊन गेलासुद्धा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शोभाताई महाल भागातल्या माहेराहून परतल्या आणि जिन्यातच सुरू झाल्या, "भिंतीवरचा फोटो असा झुलून राहिला होता वं, मी तर अनवाणीच रस्त्यावर पळाली." तेव्हापासून कॉलनीत त्यांच्याशिवाय कोणाला मान नाही. मला तर चक्क हेवा वाटला. यांची पंचाईत आणखी मोठी. नोकरी भूगर्भ खात्यात, आणि भूकंप चुकला. ऑफिसात जो तो विचारतो, "मनोहरराव, तुम्ही झोपले होते काय?"

बरं, मुद्द्याचं लिहिते. बाबा गेले तेव्हा आपलं ठरलं होतं की दिवाळीपासून रामनवमीपर्यंत आई तुझ्याकडे, आणि तिथून दिवाळीपर्यंत माझ्याकडे. रामनवमी होऊन तीन आठवडे झाले. मी तिची खाट खिडकीशी लावून ठेवली आहे, नवी सतरंजी घातली आहे, आणि रोज संध्याकाळी कुहीची मोटार यायच्या वेळेला मला उगीच जिन्यात काम निघतं. मागच्या वर्षी तू तिला वैशाख संपेपर्यंत ठेवून घेतलंस, तेव्हा मी बोलले नाही. या वर्षी बोलणार आहे.

पत्राखाली आईच्या हातच्या दोन ओळी विसरू नकोस. तुझं पत्र मी आधी खालून वाचते, हे तुला माहीतच आहे.

उत्तरा


कुही
२२ एप्रिल १९६९

चि. उत्तरा,

आशीर्वाद. तुमच्याकडे भूकंप कळला नाही, आमच्याकडे तो न कळणं कोणाच्या हातात नव्हतं.

आधी म्हैस ओरडली. मग छपरावरची कवेलू वाजायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं रात्रीचीच माकडं आली. हे काठी घेऊन उठले, आणि उठले ते भिंतीवरच आपटले. सुपात धान पाखडावं तसं घर हलत होतं. वरून मातीचा पाऊस. बाबांनी दिलेली उतरंड वरची चार भांडी घेऊन कोसळली, आणि कळशीला असा पोचा पडला की त्यात मूठ मावेल. तळ्याचं पाणी काठावर आलेलं लोकांनी पाहिलं. आमच्या ओळीतली सगळी घरं रात्रभर अंगणात होती.

आई ठीक आहे. पण एवढ्यात पाठवता येत नाही. ऊन फार आहे आणि मोटारीत बसायला जागा मिळत नाही. शिवाय वाळवणं काढली आहेत, कुरडयांचा चीक आईशिवाय कोणाला साधतो? तुझ्याकडे नळ आहे, पंखा आहे, बाजार दाराशी आहे. तुला आईची एवढी घाई काहून?

तिचे डोळे दुखत आहेत म्हणून या वेळी ओळी नाहीत. तू पत्र वरून वाचायची सवय कर.

मनकर्णा


नागपूर
२८ एप्रिल १९६९

मनूताई,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं ही माझी चूक झाली.

मी म्हटलं, कुही कुठे दूर अंदमानात आहे? दीड तासाची मोटार. इथे माझ्या उतरंडीवरचा गडवा तसूभर सरकला नाही, आणि तिथे चार भांडी कोसळली? ताई वाढवून सांगते, दुसरं काय. तर यांनी मला जेवताजेवता शिकवणी दिली. म्हणाले, ओट्यावर एका परातीत विरजलेलं दही ठेव, शेजारी पाटा ठेव, आणि ओट्यावर बुक्की मार. बुक्की एकच. पाटा जागचा हलत नाही आणि दही कितीतरी वेळ डुलत राहतं. धक्का लांब गोदावरीच्या खोऱ्यातून आला, तो दोघींकडे सारखाच आला. पण आमची टेकडी म्हणजे पाटा, आणि तुमच्या तळ्याकाठची खोल काळी माती म्हणजे दही. शोभाताईंचं माहेर नाग नदीच्या गाळावर, म्हणून त्यांचा फोटो झुलला.

मी म्हटलं, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी, मनूताईला मी लहानपणापासून ओळखते. मला ताप आला की हिचं पोट दुखायचं, आणि आई माझ्या उशाशी बसली की हिची कळ वाढायची.

पण यांना घबाड सापडलं आहे. आपली लग्नं एका मांडवात झाली आणि बाबांनी भंडाऱ्याच्या एकाच कासाराकडून एकाच दिवशी दोन्ही उतरंडी आणल्या, हे मी बोलून गेले. सात भांडी, तीच मापं, खाली मोठा गुंड आणि वर लहानसा गडवा. हे ताटावरून उठलेच. म्हणाले, "सारखी भांडी, सारखी रचना, जमीन तेवढी वेगळी. असं मागून मिळत नाही." सात वर्षांत यांनी माझ्या उतरंडीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. मी ती दर शनिवारी घासते, हेही त्यांना ठाऊक नसेल. आणि आता दिवसातून दोनदा विचारतात, तुझ्या ताईची कळशी पडली ती कोणत्या दिशेला? माझी उभी राहिली तिचं काहीच नाही, तुझी पडली तिचं केवढं कौतुक. मला राग येतो तो लिहून टाकते.

त्यांना तुमच्या गावात येऊन घरोघर पाहायचं आहे. येतील तेव्हा आईला त्यांच्याबरोबर पाठव. कुरडया मीही करते. चीक मलाही साधतो.

उत्तरा


कुही
५ मे १९६९

चि. उत्तरा,

आशीर्वाद. मनोहररावांना इतक्यात पाठवू नको. नत्थूजींकडे लग्न आहे, आमच्या घरी पाहुणे उतरले आहेत, जावईमाणसाचं नीट होणार नाही.

त्यांना हवं ते मीच लिहिते. कळशी पूर्वेकडे पडली, म्हणजे दाराकडे. आमच्या ओळीत तळ्याच्या अंगाला जेवढी घरं आहेत, तेवढ्यांची भांडी पूर्वेकडेच पडली, जशी काही ठरवून. आणि नत्थूजींचं घर वर मुरमाड बरडावर आहे, इथून हाक मारली तर ऐकू जाते, पण त्यांच्या कंदिलाची ज्योतही हलली नाही. आता ते चावडीवर बसून हसतात. "तळ्यावाले लय भेतात गा," म्हणतात. त्यांनाही तुझ्यासारखंच वाटतं, की आम्ही वाढवून सांगतो.

आता तुझ्या रागाचं. उतरंडी सारख्या होत्या हे खरं. बाकी काय सारखं होतं वं? तुला खडकावरचं घर मिळालं आणि महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा नवरा. मला ही काळी माती. लोक म्हणतात, तळ्याकाठची जमीन म्हणजे सोनं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मांडीभर चिखलात उभी राहून बघ सोनं. पावसाळ्यात भिंतीला भेगा, उन्हाळ्यात जमिनीला भेगा, आणि भूकंप आला तर तोही आमच्याच घरी मुक्कामाला. मी कधी तुझ्या नळाचा हिशेब मागितला नाही. तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त असं एकच आहे, की आई इथे रमते. तेही तू तारखा मोजून मागतेस.

आई बरी आहे. दोन घास कमी खाते, उन्हाळा आहे. लिहायचा तिला कंटाळा आला आहे.

मनकर्णा


नागपूर
९ मे १९६९

मनूताई,

आईला लिहायचा कंटाळा? जिनं बाबांच्या मागे लागून चाळिशीत अक्षरं गिरवली, ती आई? ती वाण्याच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा सोडत नाही. तू तिला लिहू देत नाहीस, किंवा तिच्या मनात माझ्याविषयी काहीबाही भरवलं आहेस. दोन्हींपैकी काय ते तूच सांग.

आणि खोटं बोलायचं तर नीट बोलावं. तुझी उतरंड आतल्या खोलीत, चुलीमागच्या कोपऱ्यात आहे. तिथून दार कुठे आलं? आतली कळशी दाराकडे पडायला ती काय मोटार पकडायला निघाली होती? हे सारखे म्हणतात की ओळीतली सगळी भांडी एका बाजूला पडली असतील तर ते फार मोलाचं आहे. मी त्यांना सांगितलं, ताईच्या शब्दावर नकाशा काढाल तर तोंडावर पडाल.

तू नळाचं काढलंस म्हणून मीही काढते. नळ आई नसतो. दुपारी हे ऑफिसात जातात, मग घरात मी आणि घड्याळ. मूलबाळ नाही, ते तुला लिहून कशाला सांगू. तुझं घर भरलेलं आहे, दोन लेकरं आहेत, गोठा आहे, सासू-नणंदा आहेत. आई एक माणूस जास्त झाली तरी तुला कळत नसेल. माझ्याकडे ती आली की घर होतं. तू माझं तेवढंच घेतेस, आणि वर रमते म्हणून लिहितेस.

लग्न असो की काही असो, हे येत्या रविवारी सकाळच्या मोटारीनं येत आहेत. आईचं बोचकं बांधून ठेव.

उत्तरा


कुही
१४ मे १९६९

चि. उत्तरा,

आई तुझ्याकडे पोचली, तेव्हा सगळं तू डोळ्यांनी पाहिलंच आहेस. तरी माझ्याकडून लिहिते.

मनोहरराव आले ते आधी घरात आलेच नाहीत. गळ्यात पिशवी, हातात टेप, तळ्यापासून बरडापर्यंत एकेका घरात शिरले. कोणाची भांडी पडली, कोणत्या बाजूला, कोणत्या भिंतीला तडा गेला. बायका हसत होत्या, की नागपूरचा जावई भांडे मोजून राहिला. दुपारी आमच्या ओसरीवर टेकले आणि पाणी मागितलं. मी आत होते. मी म्हणेपर्यंत आईनंच तांब्या नेला, डाव्या हातानं. उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्यांनी तांब्या घेतला, हाताकडे पाहिलं, कागदांची गुंडाळी करून पिशवीत घातली आणि एवढंच म्हणाले, "आई, नागपूरला चला." मला रागावले असते तर बरं झालं असतं.

उतरंड चुलीमागे नव्हती. ओसरीवर होती, दाराच्या समोर. मीच मांडली होती, होळीच्या आधी.

तू म्हणतेस मी आईला तुझ्याविरुद्ध भरवलं. अगं, इथे आल्यापासून तिच्या तोंडात तुझ्याशिवाय दुसरं नाव नव्हतं. उत्तराची पोळी अशी, उत्तराचं घर तसं, उत्तरा डोक्याला तेल लावते तर झोपच येते. मी बारा माणसांचा स्वयंपाक करून तिचे पाय दाबायला बसायची आणि ती मला सांगायची, उत्तराची उतरंड पाहावी, दारातून आत पाऊल टाकलं की आधी तीच दिसते, कशी आरशासारखी. एक दिवस माझं डोकं फिरलं. सातही भांडी चिंचेनं घासली, ओसरीवर फळी टाकली आणि तिच्यावर रचली. आई उन्हाळ्यात ओसरीवर जेवते, मला ठाऊक होतं. म्हटलं, जेवताना रोज दिसू दे तिला. माझीही चमकते म्हणावं.

त्या रविवारी घर हललं, वरून माती गळायला लागली. आईनं ताटात माती पडू नये म्हणून ताटावर हात धरला. कळशी त्या हातावर पडली.

गावच्या हाडवैद्यानं बांधून दिलं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेली असतीस. तुझ्याकडे दवाखाना, डांबरी रस्ता, न हलणारं घर. मग हात बरा झाल्यावर तिनं माझ्याकडे परत काहून यावं? जिथं हात मोडला तिथं? मी आईलाही म्हटलं, उत्तराला सांगू नको, आणि तिनं माझं ऐकलं. महिनाभर ती हात पदराखाली घेऊन बसायची. हे सगळं मी हेव्यापायी केलं, उत्तरा. दुसरं नाव द्यायला मला जमत नाही.

पोच्याचं माप घ्यायचं म्हणून मनोहररावांनी कळशी मागितली, ती दिली आहे. बाकीची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली.

दिवाळीला आईला पाठवशील का, एवढंच कळव. रागानं लिही, पण लिही.

मनकर्णा


नागपूर
२९ जून १९६९

मनूताई,

इतके दिवस लिहिलं नाही, ते मुद्दाम. आई मोटारीतून उतरली आणि तिचा हात पाहिला, तेव्हा मला तुझा असा राग आला की तू समोर असतीस तर काय केलं असतं सांगता येत नाही. डॉक्टरांनी हाड पुन्हा बसवून प्लास्टर घातलं. परवा ते काढलं. हात जुळला आहे, मनगट किंचित वाकडं राहील. पोळी लाटता येईल, पाणी भरता येणार नाही. पाणी तिला कोण भरू देतं?

यांचा नकाशा झाला. तो भिंतीवर लावला आहे, माझ्या देवांच्या शेजारी. तळ्याकाठच्या ओळीतली घरं एकसारखी हलली, इतकी की एका घराची भांडी सांगा, शेजारच्याची हे न पाहता सांगतात. बरडाकडे चढत जावं तसं ते सारखेपण विरत जातं, आणि आमच्या टेकडीवरून तुमच्या तळ्याचं तर काहीच सांगता येत नाही. तुझ्या ओळीतली सगळी भांडी खरंच पूर्वेकडे पडली होती. तू त्यात खोटं बोलली नव्हतीस. हे मला म्हणाले, "इथे कळलं नाही म्हणून तिथे झालंच नाही, असं धरून चालू नये." ते जमिनीविषयी बोलत होते. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता माझं ऐक. आई इथे आल्यापासून मला वाटतं मी कुहीतच राहते. मनूच्या तळ्याच्या पाण्यात डाळ कशी शिजते. मनूची म्हैस नाव घेतलं की मान वळवते. मनू बारा माणसांचं करते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. अवाक्षर काढत नाही, हे तुझ्याबद्दल, आणि मी ते ऐकून घ्यायचं. तुझी पोचा पडलेली कळशी मापं झाल्यावर मी मोरीत ठेवली होती. आईनं ती उचलून आणायला लावली. माझी चकचकीत कळशी काढली आणि तिच्या जागी तुझी बसवली. ती वाकडी बसते, तिच्यावरची भांडी डगमगतात, तरी तीच हवी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "हे माह्या मनूची होय. भूकंपातली." शोभाताईंनी त्या पोच्यात मूठ घालून पाहिली. कॉलनीतल्या बायका येऊन पाहून गेल्या. माझ्या सहा भांड्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी जळते, ताई. खोटं कशाला सांगू.

आणि तू लिहितेस की तिकडे ती माझं कौतुक करायची. एवढं सगळं मान्य केलं, पण हे काही मला पटत नाही. तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असशील. इथे माझ्या कानावर एक शब्द नाही. भाजीत मीठ कमी आहे, हे मात्र रोज.

दिवाळीला आई तुझ्याकडे येईल. ठरलं ते ठरलं. मी स्वतः आणून सोडीन आणि चार दिवस राहीन. उतरंड माळ्यावर टाकू नकोस, बाबांनी दिली आहे. आतल्या खोलीत जमिनीवर एका ओळीत मांड, तशीही दिसायला चांगली दिसते.

खाली आईच्या ओळी आहेत. प्लास्टर निघाल्यावर आज पहिल्यांदा लिहायला बसली, तर मला म्हणाली, "तू तिकडे जाय वं, पाहू नको." पाकीटही स्वतःच चिकटवणार म्हणते. चिकटवू दे. तुला सांगायचं असं काय गुपित आहे ते तुलाच लखलाभ.

उत्तरा


मने,

हात बरा हाय. अक्षर वाकडं येते, समजून घेजो. तुह्या तळ्याचं पाणी सपनात येते. दिवाळीले येतो, कळशी घेऊन येतो.

उत्तरा माह्यं लय करते. न्हाऊ घालते, वेणी घालते, घास भरवला तिनं दीड महिना. अशी लेक मी कोणाच्या घरी पाहिली नाही.

तिले सांगू नको. फुगते.

आई